टिबुकलीचा पत्ता

१

घरटं नव्हतं.

टपालकाकांनी डोळा नळीपासून बाजूला घेतला, चष्मा सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि पुन्हा डोळा लावला. गोल चकतीएवढं पाणी, पाणकणसाच्या दोन-चार काड्या, आणि त्यांच्यामध्ये नुसतं हलणारं आभाळ. अठरा दिवस त्याच चकतीच्या मधोमध टिबुकली या छोट्या पाणपक्ष्याचं घरटं दिसत होतं. पाण्यावर तरंगणारं, ओल्या काडीकचऱ्याचं, ताटाएवढं. आत चार अंडी.

"काका, सरका ना! आता माझा नंबर!"

"दोन मिनिटं थांब, बाळा."

त्यांच्या मागे तेरा मुलं रांगेत उभी होती. चाळीस वर्षं पत्रं वाटून काका निवृत्त झाले, पण नाव काही सुटलं नाही. दर रविवारी सकाळी ते गावच्या मुलांना पाणथळीवर फिरायला आणत. दोन वर्षांपूर्वी इथे जलपर्णी माजली होती आणि काठावर फुटक्या खुर्च्या पडलेल्या असत. मग गावातल्या लोकांनी मंडळ काढलं, कचरा उपसला, झाडं लावली, आणि काठाला दोराने पिंपं-फळ्यांचा एक तराफा बांधला. त्याच्या कठड्यावर काकांनी स्वतः पोकळ बांबूची नळी खिळ्यांनी ठोकून पक्की केली होती. नळीला डोळा लावायचा की समोर घरटं. मुलांनी 'कुठाय, कुठाय' करत आरडाओरडा करू नये, म्हणून ही युक्ती. घरट्याच्या चाळीस पावलांच्या आत कुणीही जायचं नाही, हा मंडळाचा पहिला नियम होता.

आज सकाळपासूनच काही धड होत नव्हतं. तराफ्यावर यायची फळी तिरकी बसली होती. काका पडता पडता वाचले आणि मनात म्हणाले, वय झालं तुझं. दोन मुलांचे बूट काठावरच भिजले आणि त्यावरून भांडण झालं. आता रांगेतली एक चष्मेवाली मुलगी म्हणत होती, "काका, आज इथे झोपाळ्यावर बसल्यासारखं वाटतंय."

"धक्काबुक्की थांबवा, म्हणजे नाही वाटणार," काका वैतागून म्हणाले. एरवी ते मुलांवर वैतागत नसत.

तेवढ्यात काठावरून आवाज आला. "काय झालं? रांग का थांबली?"

मोठ्या बाई. मंडळाच्या अध्यक्षा. तीस वर्षं मुख्याध्यापिका होत्या, आणि अजूनही त्या आल्या की मोठमोठी माणसं खिशातले हात बाहेर काढत.

बाईंनी नळीतून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग त्या काठावर गेल्या आणि चिखलाकडे बोट दाखवलं.

कुत्र्याच्या पायांचे ठसे. ताजे. सरळ पाण्यापर्यंत गेलेले.

"नऊ वाजता मंडळाची बैठक आहे," बाई म्हणाल्या. "राखणदाराला म्हणावं, सामान बांधायला लाग."

२

राखणदाराला सगळे 'दादा' म्हणत. फाटकाजवळच्या एका खोलीत तो, त्याची म्हातारी आई आणि एक लंगडी कुत्री, असे तिघं राहायचे. ही जागा गेली तर आईला घेऊन कुठे जायचं, हे त्यालाही ठाऊक नव्हतं.

"बाई, ती कुत्री तीन पायांची," काका म्हणाले. "चिखलात उतरली, पाणी प्यायली, परत गेली. परतीचे ठसेही आहेत, बघा. चाळीस पावलं पोहून अंडी खायची म्हणजे..."

"मग अंडी गेली कुठे? उडाली?"

"अंडी खाल्ली तर टरफलं तरंगतात. घरटं मोडलं तर काड्या पसरतात. इथे काहीच नाही. अख्खं घरटं कुणी खात नाही."

"म्हणजे माणसाने नेलं," बाई म्हणाल्या. "ते तर आणखी वाईट."

काकांना स्वतःचंच बोलणं अंगाशी आल्यासारखं झालं. त्यांनी मुलांना काठावर गोल करून बसवलं, पाणपक्ष्यांची चित्रं काढायला दिली आणि हातात जेमतेम दोन तास आहेत हे मनाशी नक्की केलं.

पहिले भेटले ते दातवाले डॉक्टर. एवढी मोठी लेन्स गळ्यात घालून फिरणारा माणूस गावात दुसरा नव्हता. आठवडाभर लोकांच्या तोंडात डोकावायचे आणि रविवारी पक्ष्यांच्या.

"डॉक्टर, काल तुम्ही शेवटी कधी पाहिलंत?"

"म्हणजे माझ्यावर संशय?"

"तुमच्यावर नाही हो. तुमच्या फोटोंवर जगात कुणाचा संशय नाही. म्हणून तर विचारतोय."

डॉक्टर विरघळले. त्यांनी कॅमेऱ्याचा पडदा पुढे केला. नळीलाच भिंग लावून काढलेला फोटो. घरटं, घरट्यावर पक्षीण, तिच्या गालांचा तांबूस रंग, आणि मागे पल्याडच्या काठावरचं ते वाळलेलं, दोन फांद्यांचं झाड. खाली वेळ उमटली होती. संध्याकाळचे सहा वाजून दहा मिनिटं.

"त्यानंतर मी गेलो. फाटकाला कुलूप दादानेच लावलं. आत राहिला तो एकटा," डॉक्टर म्हणाले आणि आवाज खाली आणला. "काका, मला वाईट वाटतं सांगायला. पण आज पहाटे त्याच्या खोलीमागे मी एक पँट वाळत घातलेली पाहिली. कमरेपर्यंत चिखलाने भरलेली."

३

दादा फाटकाजवळचा पालापाचोळा झाडत होता. झाडून झालेली जागाच पुन्हा झाडत होता.

"दादा, काल पाण्यात उतरला होतास?"

"नाही काका."

"पँट कशाने भिजली?"

झाडू थांबला.

"अंघोळ करताना."

"पँट घालून अंघोळ? आणि चिखलाने?"

खोलीच्या दारात त्याची आई उभी होती. तिने विचारलं, "कोण आलंय रे?" आणि तो म्हणाला, "कुणी नाही, आई. टपालकाका आहेत." ती हसली. "मग पत्र आलं असेल," म्हणाली. तिला नीट दिसत नव्हतं.

"दादा," ते हळू आवाजात म्हणाले, "तू खोटं बोलतोस हे मला कळतंय. तुला खोटं बोलायची सवय नाही म्हणूनच कळतंय. आता तू सांगतोस की मी नऊ वाजता बाईंना पँटीचं सांगू?"

"त्याला काय विचारता? मला विचारा!"

मागे शिवणकाकू उभ्या होत्या. शिवणकाम करून चार घरांचे कपडे बेतणाऱ्या, आणि उरलेल्या वेळात मंडळासाठी लव्हाळ्याची रोपं लावणाऱ्या. परवाच त्यांनी मुलांबरोबर तीनशे रोपं वरच्या काठावर लावली होती.

"काल संध्याकाळी रोपं माना टाकून पडली होती," काकू म्हणाल्या. "पाणी तिथवर पोचतच नव्हतं. बाईंनी ठरवलं होतं, रविवारी फिरणं झाल्यावर पाणी बाहेर जातं त्या सांडव्यात फळ्या घालायच्या, रोज एक, म्हणजे पाणी हळूहळू चढेल. मीच दादाला म्हटलं, उद्यापर्यंत जगायची नाहीत हो ही. एवढंच म्हटलं. आणि घरी गेले."

काकांनी दादाकडे पाहिलं.

"किती फळ्या घातल्यास?"

"तिन्ही," दादा जमिनीकडे बघत म्हणाला. "सात वाजता. एकदम. रात्रीत वीतभर पाणी चढलं. रोपं तरतरीत झाली, काका. पण बाईंनी सांगितल्याच्या विरुद्ध केलं ना मी. म्हणून बोललो नाही."

वीतभर पाणी. मुलांचे बूट काठावर का भिजले ते काकांना आता कळलं. पण त्याच क्षणी दुसरंही काही सुचलं.

घरटं तरंगतं, पण ते पाणकणसाच्या काड्यांना अडकवलेलं असतं, वाहून जाऊ नये म्हणून. पाणी एकदम चढलं आणि ते काड्यांवरून वर सरकलंच नाही, तर?

तर ते जागच्या जागी बुडालं असणार. चार अंड्यांसकट.

दादालाही ते सुचलं असावं. त्याच्या हातातला झाडू गळून पडला.

४

काका एकटेच तराफ्यावर परत आले. साडेआठ वाजत आले होते. दादाने चोरी केली नव्हती. पण चोराला निदान अंडी परत करता येतात. हे कसं भरून येणार? आणि बाईंना सांगायचं कुणी?

त्यांनी पुन्हा नळीला डोळा लावला. बुडालेलं घरटं निदान काळ्या सावलीसारखं तरी दिसायला हवं. पाणी नितळ होतं. खाली काही नव्हतं.

बुडालं नाही. खाल्लं नाही. नेलं नाही.

टपाल वाटायचं त्या काळात काकांना अशी अडचण दर महिन्याला यायची. पत्त्यावर घर सापडायचं नाही. नवशिके पोस्टमन लगेच पाकिटावर 'घर नाही' असा शेरा मारून मोकळे व्हायचे. काका तसं करत नसत. ते आधी स्वतःला विचारायचे, अरे, पण मी कुठल्या गल्लीत उभा आहे?

नळीतून पाहता पाहता ते थबकले.

चकतीच्या वरच्या कडेला, पल्याडच्या काठावर, एक विजेचा खांब उभा होता. सरळसोट.

"डॉक्टर!" काका इतक्या जोरात ओरडले की मुलांच्या हातातले रंगखडू थांबले. "तो फोटो! तो फोटो घेऊन या!"

डॉक्टर धावत आले. त्यांच्या पावलांनी तराफा डुलला. आणि काकांच्या कानात चष्मेवालीचं वाक्य वाजलं. झोपाळ्यावर बसल्यासारखं वाटतंय.

दोन वर्षांत हा तराफा कधी डुलला होता?

५

नऊला मंडळाचे सगळे काठावर जमले. बाई पुढे, शिवणकाकू एका बाजूला, दादा मागे फाटकाशी. मुलंही कडं करून उभी राहिली. कुणी त्यांना जायला सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी ती गेली नसती.

"आधी दादाचं ऐका," काका म्हणाले.

दादाने तिन्ही फळ्यांचं सांगितलं. अडखळत, पण सगळं सांगितलं. बाईंचा चेहरा दगडासारखा झाला.

"म्हणजे तू घरटं बुडवलंस."

"तसंच वाटतंय, बाई."

"नाही," काका म्हणाले. "बुडवलं नाही, हलवलंही नाही. बाई, घरटं जिथल्या तिथे आहे. हललो ते आपण."

कुजबुज झाली. काकांनी मुलांना जवळ बोलावलं, कारण मुलांना समजेल असं सांगितलं की मोठ्यांनाही समजतं, हा त्यांचा अनुभव होता.

"हा तराफा तरंगतो असं आपण दोन वर्षं समजत होतो. पण पाणी उथळ होतं. त्याचं काठाकडचं एक पिंप चिखलात रुतून बसलं होतं. म्हणून तो कधी हलला नाही, आणि मी शहाण्याने त्याच्यावर नळी खिळ्यांनी पक्की केली. काल रात्री पाणी चढलं. पिंप सुटलं. वाऱ्याने तराफा थोडासा फिरवला, दोराने परवानगी दिली तेवढाच. काठावरून वाकून बघा."

मुलं पालथी पडून बघू लागली. नितळ पाण्याच्या तळाशी, चिखलात, पिंपाच्या बुडाएवढा गोल खळगा होता. आणि पिंप त्याच्यापासून दोन हात दूर.

"दोन हातांनी काय फरक पडतो?" डॉक्टरांनी विचारलं.

"हात लांब करा आणि त्या खांबाकडे बोट दाखवा. आता मनगट एवढंसं वळवा. बोट कुठे गेलं? इथे दोन हात, तर तिथे चाळीस पावलांवर सात-आठ पावलं. तुमच्या कालच्या फोटोत घरट्यामागे वाळलेलं झाड आहे. आज नळीत मागे विजेचा खांब दिसतो. झाड रात्रीत खांब होत नाही. सकाळपासून आपण दुसऱ्याच कुणाच्या दारात उभे राहून विचारतोय, टिबुकली आहे का घरी?"

मुलं खिदळली. बाई हसल्या नाहीत.

"आणि नुसत्या डोळ्यांनी का नाही दिसलं कुणाला?"

"कारण माणसं आली की ती अंडी ओल्या पानांनी झाकून पाण्यात बुडी मारते. मग घरटं दिसतं कचऱ्याच्या गोळ्यासारखं. काल आपणच जलपर्णी उपसली, तिचे असे दहा-बारा गोळे समोर तरंगतायत. जवळ जाऊन बघायचं तर चाळीस पावलांचा नियम. नियम चांगला आहे, बाई, तो मोडू नका. पण नळी सांगेल तेच खरं अशी आपण सवय लावून घेतली, आणि ती सवय मीच लावली."

"हे सगळं तुमचं अनुमान आहे," बाई म्हणाल्या. "पाणी चढलं ते खरं. घरटं बुडालं नसेल कशावरून?"

काका दोराकडे वळले.

"दादा," ते म्हणाले, "दोर ओढ."

६

दादाने सैल पडलेला दोर हाताला गुंडाळला आणि मागे रेलला. तराफा हळूच वळला. नळीला डोळा लावून काका सांगत होते, "अजून... अजून थोडं... खांब गेला... काड्या... झाड आलं. बस."

चकतीच्या मधोमध पाण्यावर कचऱ्याचा एक गोळा होता.

"आहे," काका म्हणाले. "पण सगळ्यांनी खाली बसा. कुणी हलू नका."

तेरा मुलं, मंडळाची सात-आठ माणसं आणि एक लंगडी कुत्री अशी सगळी चिडीचूप बसली. गोळा तसाच होता. पाच मिनिटं झाली. दहा झाली. तिथे आता जिवंत काही आहे की नाही, कुणालाच सांगता येत नव्हतं. शिवणकाकूंनी पदराचं टोक घट्ट धरलं होतं.

मग गोळ्याशेजारी पाणी एवढंसं फुगलं आणि त्यातून एक डोकं वर आलं.

टिबुकलीने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मुठीएवढा तो पक्षी उडी मारून गोळ्यावर चढला आणि चोचीने एकेक ओलं पान उचलून बाजूला ठेवू लागला. घाई नाही, गडबड नाही. अंथरूण आवरावं तसं. एक पान, दुसरं पान, तिसरं. आणि खाली, मळकट, तपकिरी, कोरडी अंडी.

"बाई, तुम्ही बघा," काका बाजूला झाले.

मोठ्या बाई नळीशी वाकल्या. बराच वेळ त्यांनी डोळा काढला नाही.

"टपालकाका," त्या अगदी हळू म्हणाल्या, "घरट्याच्या कडेला हिरव्या काड्या आहेत. ओल्या, ताज्या. काल फोटोत नव्हत्या."

काकांनी कॅमेऱ्याचा पडदा पाहिला, मग पुन्हा नळीतून. खरंच. जुन्या काळ्या काडीकचऱ्यावर हिरव्या काड्यांचा वीतभर थर चढला होता. पाणी कालच्यापेक्षा वर गेलेलं आणि अंडी तरीही पाण्याच्या बोटभर वर.

काका मुलांकडे वळले.

"काल रात्री इथे कुणी नव्हतं," ते म्हणाले. "पाणी चढत होतं. काळोखात. तिला कुणी सांगितलं नव्हतं किती चढणार, कधी थांबणार. पाणी एक बोट चढलं की ही एक बोट घर चढवत होती. चोचीत मावेल तेवढी एकेक काडी. पाणी थांबेपर्यंत ही थांबली नाही. आपण झोपलो होतो."

मुलांपैकी कुणी हसलं नाही. चष्मेवालीने चष्मा काढला, डोळे चोळले आणि पुन्हा घातला.

बाई सरळ उभ्या राहिल्या. साडीची कड झटकली.

"दादा, इकडे ये."

तो आला.

"तू सांगितलेलं ऐकलं नाहीस. खोटंही बोललास. ही पक्षीण एवढी चिवट नसती, तर आज आपण सगळे इथे काय बघत बसलो असतो?"

"चूक झाली, बाई."

"झाली. आणि मीही चिखलातले ठसे बघून निकाल देऊन मोकळी झाले. शाळेत एखाद्या पोरीने असं केलं असतं तर मी तिला बाकावर उभं केलं असतं." त्या थांबल्या. "रोपं मरायला लागली तर पुन्हा स्वतःच्या मनाने काही करायचं नाही. मला उठवायला यायचं. मध्यरात्र असली तरी. माझं घर कोपऱ्यावरच आहे. समजलं?"

दादाला ते समजायला जरा वेळ लागला. मग त्याने फाटकाकडे, आईच्या खोलीकडे पाहिलं आणि मान हलवली. दोनदा हलवली.

"आता रांग लावा," बाई मुलांना म्हणाल्या. "दादा, पहिला तू."

"मी? नाही, नाही. मुलांना बघू दे."

"तू कधी पाहिलंयस का यातून?"

दादा ओशाळला. दोन वर्षं तो हा तराफा झाडत होता, कठडा पुसत होता, नळीवरची कोळिष्टकं काढत होता. पण नळी पाहुण्यांची. तिला डोळा लावायचं त्याच्या कधी मनातच आलं नव्हतं.

त्याने चिखलाचे हात पँटला पुसले, वाकला आणि एक डोळा घट्ट मिटून दुसरा नळीला लावला.

त्याच वेळी पाणकणसाच्या आडून दुसरी टिबुकली, म्हणजे नर, पोहत बाहेर आला. नुसत्या डोळ्यांना तो एक तपकिरी ठिपका दिसत होता. घरट्याजवळ येऊन तो थांबला आणि त्याने पंख किंचित सैल केले.

दादाचा श्वास अडकल्याचं काकांना ऐकू आलं.

"काय झालं, दादा? काय दिसतंय?" मुलं कुजबुजली. "सांगा ना! सांगा ना!"

नळीला डोळा तसाच लावून त्याने मागे हात केला आणि एक बोट वर धरलं. एक पिल्लू. बापाच्या पाठीवर, पिसांतून डोकं काढून बसलेलं.

मुलांनी श्वास रोखून धरला. सगळे त्या चिखलाने मळलेल्या हाताकडे बघत होते.

मग, फार हळू, दुसरं बोट वर आलं.